‘मॅडम, हे कायले लिवता?’

पत्र

‘मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर आहे. पहिली ते पाचवी, पट 46, आम्ही दोघंच शिक्षक. जुलैपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी आठवडाभरात वर्गात काय काय झालं ते टाइप करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत आले. ग्रुपवर 27 पालक आहेत. दोन-तीन अंगठे येतात, बाकी सामसूम. एका वडिलांनी तर रस्त्यात थांबवून म्हटलं, “मॅडम, हे कायले लिवता? पोट्ट्यायले शिकवा ना.” आमच्या सरांचं म्हणणं असं, की लिहिण्यात वेळ घालवू नका, चार फोटो टाका, केंद्रावर, म्हणजे वरच्या कार्यालयात, तसेही फोटोच मागतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी लिहिलं, की तिसरीतल्या 11 पैकी चार मुलं आता धडा न अडखळता वाचतात. चौघांची नावं दिली. सोमवारी एक आई शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तिचा मुलगा त्या चारांत नव्हता. चक्कीवर तिला कोणीतरी म्हटलं होतं, “तुह्या पोराले वाचता येत नाई म्हंते.” ती भांडली नाही, रडली. तेव्हापासून मी काही लिहिलेलं नाही. हे बंदच करून टाकावं का?’

– एक शिक्षिका

उत्तर

ताई,

बंद करू नका. मात्र पुढची बातमी लिहिण्याआधी त्या आईच्या घरी जाऊन या. ग्रुपवर माफी मागू नका. तिथे मागितली की ज्या घरांना हा विषय माहीतही नव्हता त्यांनाही तो कळेल. सध्या वेचणीचे दिवस आहेत. ती सकाळी कापसाला गेली की दिवस मावळता येत असेल आणि आल्या आल्या चुलीशी बसत असेल. म्हणून बाजाराचा दिवस बघा, नाहीतर रात्री जेवणं आटोपल्यावर जा. सोबत त्या मुलाची वही न्या. त्याच्याबद्दलची अशी एखादी गोष्ट तिला सांगा, जी त्याला रोज बघणाऱ्यालाच ठाऊक असेल. आणि वाचनाचंही सरळ सांगा: साधे शब्द वाचतो, जोडाक्षरापाशी थांबतो, मी रोज परिपाठानंतर दहा मिनिटं त्याला जवळ घेऊन बसणार आहे. हे ऐकायला ती तयार आहे. तिला लागलं ते एवढ्यासाठी, की आपल्या लेकराचं वाचन कुठे अडतंय हे तिला मॅडमकडून कळायच्या आधी चक्कीवर कळलं.

तुम्ही चार मुलांचं कौतुक केलंत, त्यात मनात कुठेच खोट नव्हती. पण सगळ्यांना एकमेकांची घरं ठाऊक असलेल्या गावात 11 पैकी चार नावं लिहिली की उरलेली सात नावं लोक आपोआप वाचतात. शहरातल्या मोठ्या शाळेत हे लपून जातं, खेड्यात जात नाही. त्यामुळे शाळेच्या बातमीत कोण पुढे आणि कोण किती वाचतो हे येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘सर्वांत सुंदर अक्षर’ नको, ‘शंभर टक्के हजेरी’ तर मुळीच नको. ऐन वेचणीत जी पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते, ती स्वतःच्या मर्जीने राहत नाही. तिच्या गैरहजेरीचा गावभर पुकारा करून ती शाळेत येणार नाही, उलट तोंड चुकवील.

मग नाव द्यायचंच नाही का? अवश्य द्यायचं. लेकराचं नाव बातमीत आलं की घरातला म्हातारा आजासुद्धा कान देतो. फक्त ते नाव त्याने केलेल्या एखाद्या कामासोबत यावं, तुलनेसोबत नको. आणि महिन्याभरात 46 च्या 46 नावं येऊन गेली पाहिजेत. यासाठी हजेरीच्या नावांची एक यादी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या आणि ज्याचं नाव बातमीत गेलं त्याच्यापुढे खूण करत चला. तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला दिसेल, की सहा-सात नावांपुढे खूणच नाही. ती मुलं गप्प असतात, त्रास देत नाहीत, हात वर करत नाहीत. पुढचे दोन दिवस मुद्दाम त्यांच्याकडे बघा. त्यांच्याबद्दल काय लिहू असं वाटतं, ते त्यांच्यात काही नसतं म्हणून नव्हे. दोन शिक्षक आणि पाच वर्ग या रगाड्यात आपली नजर त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते. या साप्ताहिक बातमीचा पालकांना जेवढा उपयोग आहे तेवढाच शिक्षकाला आहे, तो असा.

आता रस्त्यात भेटलेल्या त्या वडिलांचं. त्यांच्यावर रागावू नका. पत्रासोबत तुम्ही दोन-तीन जुन्या बातम्या पाठवल्यात, त्या मी वाचल्या. ‘जयंती उत्साहात साजरी करण्यात आली’, ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’, ‘गणित विषयाचा उपक्रम यशस्वीरीत्या राबविण्यात आला’. ही अहवालाची भाषा आहे. आपल्याला ती इतकी सवयीची झालेली असते, की हात आपोआप तसाच चालतो. पण ती वाचून त्या बापाला वर्गात काय शिकवलं हे कळलं नाही, म्हणून तो म्हणाला की शिकवा. तुम्ही शिकवता हे त्याला दिसायला हवं असेल तर शिकवणंच लिहा.

तुमच्याच त्या गणिताच्या उपक्रमाचं बघू. तुम्ही त्या बातमीत ओझरतं लिहिलंय, की मुलांकडून पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेतला होता. ही केवढी मोठी बातमी आहे! ती अशी लिहिता येईल:

‘बुधवारी तिसरी-चौथीच्या लेकरांनी खिचडीचा तांदूळ स्वतः मोजला. पहिली ते पाचवीच्या एका लेकरामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य असा सरकारी नियम आहे. हजर होते 38. किती तांदूळ लागेल विचारलं तर कोणी म्हणे अडीच किलो, कोणी म्हणे पोतंभर. मग फळ्यावर गुणाकार मांडला: 3,800 ग्रॅम, म्हणजे 3 किलो 800 ग्रॅम. स्वयंपाकाच्या ताईंच्या काट्यावर तांदूळ टाकायचं काम तिसरीतल्या दोघांनी केलं. काटा बरोबर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज लेकराला विचारा: आपल्या घरी एका वेळी किती तांदूळ शिजतो, आणि महिन्याला किती लागेल?’

‘दोघांनी’च्या जागी खरी नावं घाला. त्यातलं एक नाव त्या आईच्या मुलाचं असू शकेल, पण त्याने ते काम खरोखर केलं असेल तरच. बातमीत खोटं कौतुक घालू नका. घरी विचारलं की लेकरू खरं सांगतं.

या नमुन्यात सगळ्यात मोलाची ओळ शेवटची आहे. बातमीच्या शेवटी घरी विचारायचा एक प्रश्न दर आठवड्याला द्या. गावातल्या कितीतरी आयांना वाटतं, की आपण शिकलेलो नाही तर लेकराच्या अभ्यासात आपलं काय काम? म्हणून त्या फक्त ‘अभ्यास केला का?’ एवढंच विचारतात. लेकरू ‘हो’ म्हणतं आणि विषय संपतो. पण भाकरी थापता थापता ‘आज तांदूळ कोणं मोजला म्हंते?’ असं विचारायला अक्षरओळख लागत नाही. आणि या प्रश्नाला ‘हो-नाही’त उत्तर देता येत नाही, लेकराला पुरतं सांगावं लागतं. घरच्या तांदळाबद्दल, तुरीच्या शेंगेबद्दल, बैलाच्या किमतीबद्दल तर आईबापालाच जास्त ठाऊक असतं. तिथे ते शिकवणारे होतात. बातमीचं काम त्या बोलण्यापर्यंत पोचलं की झालं. अंगठे येवोत की न येवोत.

म्हणूनच ग्रुपवरच्या शांततेवरून काही ठरवू नका. सोमवारी परिपाठ झाला की मुलांनाच विचारा: ‘तांदळाचं घरी कोणी कोणी विचारलं?’ हात मोजा. हीच तुमची खरी पावती. पहिल्या आठवड्यात पाच हात वर आले तरी पुष्कळ.

आता बातमी पोचते कुठे ते बघू. पट 46 आणि ग्रुपवर 27. काही घरांत दोन-तीन भावंडं शाळेत असतील हे धरूनही बरीच घरं ग्रुपच्या बाहेर आहेत, आणि जी ग्रुपवर आहेत त्यांतही फोन बहुधा बापाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या खिशात असतो. शनिवारी सकाळची शाळा, तुम्ही बारा-एकला संदेश टाकणार, तेव्हा सगळे वावरात. रात्रीपर्यंत त्यावर सुप्रभातची आणि वाढदिवसाची चित्रं येऊन पडतात. तेव्हा वेळ बदला: संध्याकाळी साडेसातच्या पुढे. आणि टाइप करण्याऐवजी बोला. दीड मिनिटाचा आवाजी संदेश, तुमच्या रोजच्या बोलण्यात. तो घरात फोन मध्ये ठेवून सगळ्यांना ऐकता येतो, आजीलाही. जे आईबाप ऊसतोडीला किंवा पुण्याकडे कामाला गेलेत आणि लेकरं म्हाताऱ्यांपाशी ठेवलीत, त्यांच्यासाठी तर हे फारच मोठं आहे. एखाद्या शनिवारी अशा मुलालाच दोन वाक्यं बोलू द्या. तुमच्या शाळेत बंजारा तांड्यावरची किंवा पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, मुलं असतील तर त्यांना त्यांच्या घरच्या बोलीत सांगू द्या. आजीला गोरमाटीत नाहीतर कोलामीत शाळेची बातमी ऐकायला मिळाली तर ती शाळा तिला परकी वाटणार नाही.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी कागद. चक्कीवर, रेशनच्या दुकानात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर एकेक पान लावा. चक्कीवर दळण होईपर्यंत माणूस उभा असतोच. ज्या चक्कीवर त्या आईला ते ऐकावं लागलं तिथेच चांगली गोष्टही वाचायला मिळू दे. अक्षर मोठं, ओळी सहा-सात, खाली तोच घरचा प्रश्न.

आणि हे पान तुम्ही कशाला लिहायचं? मुलांनी लिहावं. हा माझ्या मनाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिसरी, चौथी, पाचवीतून दर आठवड्याला दोघे वार्ताहर नेमा, जोडी एका वाचणाऱ्याची आणि एका अडखळणाऱ्याची. एकाने बघायचं-विचारायचं, दुसऱ्याने उतरवायचं, पुढच्या खेपेला अदलाबदल. त्यांना एक छोटी वही द्या. पहिल्या आठवड्यात ते लिहून आणतील, ‘आम्ही खूप मजा केली’. तिथे सोडू नका. विचारा: कुठे? कोण कोण होतं? किती? काय जमलं नाही? ‘काय जमलं नाही’ हा प्रश्न विचारल्याशिवाय राहू नका, कारण सगळ्यात चांगली बातमी त्यातच असते. ‘आम्ही डब्यात मूग आणि तूर भिजवली. मुगाले दुसऱ्या दिवशी मोड आला. तुरीले नाही आला. बाई म्हणाल्या थांबू.’ हे नऊ वर्षांच्या मुलाने लिहिलं तर त्यात विज्ञान आहे, भाषा आहे आणि पुढच्या शनिवारची वाट बघायला लावणारी गोष्टही आहे. पुढच्या आठवड्यात तुरीचं काय झालं ते सांगायला विसरू नका, गाव विचारील.

‘मुगाले’चं ‘मुगाला’ करायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. माझं मत असं: चक्कीवरच्या पानावर राहू द्या. परीक्षेच्या वहीत प्रमाण मराठी शिकवा, नीट शिकवा, पुढे मुलांना ती लागणारच आहे. पण घरी जाणाऱ्या बातमीत मूल जसं बोलतं तसं लिहू द्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्याच्यासोबत बसून, त्याच्याच हाताने दुरुस्त करा आणि मग पान बाहेर लावा. चुकीचं अक्षर गावात लागलं तर हसू लेकराचं होतं. बोलीचं हसू कोणी करणार नाही, गाव तीच बोलतं.

जानेवारी जवळ येतोय. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती तुम्ही करालच. त्याला लागूनच 6 जानेवारी येते. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून हा दिवस पत्रकार दिन. त्या दिवशी भाषणं थोडी ठेवा आणि मुलांच्या वार्ताहर-वह्यांमधून निवडून एक मोठं भित्तिपत्र करा. 3 तारखेसाठी काम असं द्या: घरातल्या आजीला विचारून यायचं, की ती शाळेत गेली होती का, किती वर्षं गेली, का सोडली. 46 मुलांच्या घरांतून जे येईल ते तुम्हाला कुठल्याही भाषणात मिळणार नाही. फक्त भिंतीवर लावण्याआधी प्रत्येक आजीची परवानगी घ्या. काही उत्तरं घरातच राहावीत अशी असतील.

परवानगीवरून फोटोंकडे येते. सरांना फोटो हवेत, केंद्रप्रमुखांना हवेत, ठीक आहे. ते वर पाठवायचे फोटो वेगळे आणि पालकांची बातमी वेगळी, असे दोन कप्पे करा. रांगेत उभी केलेली मुलं आणि मागे फलक, हा फोटो आईला काही सांगत नाही. तिच्यासाठी फोटो काढायचाच तर काट्याचा काढा, मोड आलेल्या मुगाचा काढा, वहीच्या पानाचा काढा, कामात गुंतलेल्या हातांचा काढा. चेहरा दिसणारा फोटो असेल तर पालकांची संमती हवी. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे. पण कायद्याआधी गावाचा विचार करा: एकदा ग्रुपवर गेलेला फोटो कुठे कुठे फिरतो ते कोणाच्या हातात नसतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय घ्या, ज्यांची हरकत आहे त्यांची नावं लिहून ठेवा, आणि ती कारण न विचारता पाळा. मदत घेताना, गणवेश घेताना, रडताना, आजारी असताना मुलाचा फोटो काढू नये. संमती असली तरी नाही.

ग्रुपबद्दल आणखी एक. ग्रुपवरच्या प्रत्येकाचा नंबर बाकीच्या सगळ्यांना दिसतो. काही आया एवढ्यासाठीच स्वतःचा नंबर देत नाहीत आणि नवऱ्याचा देतात. त्यांना वेगळा मार्ग द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादी करता येते. तिच्यातून गेलेला संदेश प्रत्येकीला स्वतंत्र मिळतो आणि एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. एक अट आहे: त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला असला पाहिजे, नाहीतर संदेश पोचत नाही. माता-पालकांच्या सभेत पाच मिनिटं काढून प्रत्येकीच्या फोनमध्ये स्वतः नंबर घालून द्या. ग्रुप ठेवायचा असेल तर फक्त अ‍ॅडमिनने लिहावं अशी व्यवस्था करा, म्हणजे शाळेची बातमी सुप्रभातच्या चित्रांखाली जाणार नाही.

आता जे लिहायला जड जातं त्याबद्दल. छत गळतं, हातपंप बंद आहे, सर निवडणुकीच्या कामावर गेल्याने तीन दिवस पाचही वर्ग तुम्ही एकटीने सांभाळले, हे बातमीत यावं की नाही? यावं. ओरड न करता, आहे तसं, एका ओळीत. ‘मंगळवार ते गुरुवार सर निवडणुकीच्या कामाला होते. पाच वर्ग एकत्र बसले. मोठ्यांनी लहानांना पाढे म्हणवले.’ गावाला हे तसंही दिसतं. शाळेने सांगितलं नाही तर गाव आपल्या मनाने कारण ठरवतं, आणि ते बहुधा तुमच्या विरोधात जातं. शिवाय शिक्षण हक्क कायद्याने नेमलेल्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांनी सभेत सही करण्यापलीकडे काही बोलावं असं वाटत असेल तर त्यांना आधी माहिती हवी. गळक्या छताची ओळ पावसाळ्यात चार आठवडे सारखी चक्कीवर लागली, तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तो विषय तुम्हाला काढावा लागत नाही, कोणीतरी आईच काढते.

पण घरातलं घरात राहू द्या. कोणाचा बाप पितो, कोणाच्या डोक्यात उवा झाल्या, कोणी कोणाची पेन्सिल घेतली, कोणाला फीट आली, यातलं अक्षरही नको. नाव न देतासुद्धा नको, गाव ओळखतं.

येत्या आठवड्याची एक ओळ मात्र जरूर द्या. ‘सोमवारी शाळेत बाजार भरणार आहे, लेकरासोबत दहा चिंचोके आणि घरच्या दोन भाज्या पाठवा.’ वेचणीच्या दिवसांत मुलांची गळती का होते हे तुम्ही जाणता. मजुरी बुडते तिथे बातमीने फार काही होत नाही, त्याला घरोघर जाणंच आहे. तरी सोमवारी शाळेतलं काहीतरी हुकेल हे मुलाला आधी कळलं, तर ते वावरात जायला जरा अडून बसतं. पोळ्याच्या वेळी तुम्ही हे पाहिलंच असेल: शाळेत तान्हा पोळा आहे म्हटलं की लाकडी बैल घेऊन झाडून सगळी पोरं हजर.

वेळेचं गणित. 60 पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक, हे कागदावर ठीक दिसतं. खिचडीची नोंद, ऑनलाइन माहिती, केंद्राचे निरोप यांतून तुमच्या हाती किती उरतं ते मला ठाऊक आहे. म्हणून ही बातमी तासाभराच्या वर जाऊ देऊ नका. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटची तासिका वार्ताहरांची. ते वाचतात, वर्ग ऐकतो, ‘हे असं नव्हतं’ म्हणून दुरुस्त करतो, पाचवीतलं कोणीतरी मोठ्या अक्षरात पान उतरवतं. भाषेचा तासच आहे तो, वेगळा उपक्रम नाही. संध्याकाळी तुम्ही तेच पान बघून दीड मिनिट बोलायचं. एखाद्या आठवड्यात नाही जमलं तर ‘या आठवड्यात बातमी नाही’ एवढं सांगायचं आणि पुढे जायचं.

सरांशी बोलताना त्यांना हे काम वाढवणारं नाही, कमी करणारं आहे हे दाखवा. केंद्रावर उपक्रमांची नोंद मागतात तेव्हा वर्षभराची ही पानं तारखेनिशी फाईलला असतील. शनिवारी तुम्ही लिहिलेलं पाहून अहवाल तयार करणं सोपं पडतं, उलट नाही. त्यांनाही महिन्यातून एकदा आवाजी संदेश द्यायला सांगा. गावात सरांचा शब्द चालतो, आणि पहिलीतल्या मुलाने काय विचारलं हे सरांच्या तोंडून ऐकलं की बापमाणसं कान देतात.

दोन महिने असं चालवा. जानेवारीअखेर व्यवस्थापन समितीची सभा घ्या आणि पालकांना तीनच गोष्टी विचारा: बातमी तुमच्या घरी कोणी ऐकली, लेकराशी कशावरून बोलणं झालं, आणि बातमीत काय नको. तिसऱ्या प्रश्नाला बायका सभेत सगळ्यांसमोर बोलणार नाहीत, त्यांना सभेनंतर ओसरीवर वेगळं विचारा. त्या रस्त्यातल्या वडिलांना या सभेला मुद्दाम बोलवा.